अंगठा आता मोबाईलवर : 'मान्य आहे' दाबण्यापूर्वी

आपल्या मागच्या पिढ्यांत ज्या घराने न वाचलेल्या कागदावर कधी अंगठा दिला नाही, असे घर शोधूनही सापडणार नाही. सावकाराच्या ओट्याखाली उभे राहून "मालक, तुमी लिहसान ते खरं" असे म्हणायचे आणि शाई लावलेला अंगठा कागदावर टेकवायचा, हा रिवाजच होता. तो माणूस अडाणी होता म्हणून फसला, असे आपण म्हणतो. ते पुरते खरे नाही. तो अडलेला होता. घरात पोर तापाने फणफणलेले, पेरणी तोंडावर आलेली आणि दुसरे कोणी उधार देणारे नाही. त्याला वाचता आले असते, तरी 'हे कलम मला मान्य नाही' असे म्हणण्याची सोय त्याच्याजवळ कुठे होती?

आज त्याची नातवंडे शिकली. कुणी शिक्षक झाला, कुणी पुण्याला कंपनीत गेला, कुणी इथेच मजुरी करतो पण दहावी-बारावी झालेला आहे. तरीसुद्धा ही शिकलेली नातवंडे दररोज न वाचता अंगठा देत आहेत. शाई गेली, कागद गेला, अंगठा तेवढा राहिला. तो आता मोबाईलच्या काचेवर टेकतो.

हे संभाषण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात झालेले असेल :

"माय, हे ॲप टाकून देऊ काय?"

"त्याच्यात काय लिहेल हाय ते तं पाह्य अगोदर."

"इंग्रजीत हाय सारं. कोन वाचते? 'ॲग्री' दाबल्याबिगर ते समोर जातच नाही."

"मंग दाब बाप्पा."

या चार वाक्यांत आजच्या लेखाचा सारा विषय आला. भाषा परकी, मजकूर लांबलचक, आणि दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणजे पोरगा शिकलेला असूनही पुन्हा अडलेलाच. या अडलेपणावर उपाय आहे काय, कायदा आपल्या बाजूने किती आहे आणि वाशिमसारख्या जिल्ह्यात राहून आपल्याला काय करता येईल, याचा विचार आम्ही या वेळी करणार आहोत.

करार कोणाचा, अटी कोणाच्या?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपण दहा-बारा हजार रुपये मोजून मोबाईल विकत घेतो. तो डबा, ती काच, ती बॅटरी आपली झाली. परंतु त्याच्या आत जे चालते, ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात, ते आपल्याला विकलेले नसते. ते वापरण्याची फक्त परवानगी मिळालेली असते, आणि ती परवानगी कोणत्या अटींवर मिळाली हे त्या न वाचलेल्या मजकुरात लिहिलेले असते. 'ॲग्री', 'अक्सेप्ट', 'अलाउ' किंवा 'मान्य आहे' असे बटण दाबले की त्या अटींवर आपली सही झाली असे कंपनी धरून चालते.

अशा मजकुरात बहुधा चार गोष्टी असतात. पहिली, कंपनी तुमची कोणती माहिती घेणार आणि कोणाला देणार. दुसरी, पैसे केव्हा आणि कसे कापणार. तिसरी, अटी पुढे बदलण्याचा हक्क कंपनीचा. चौथी, भांडण झालेच तर ते कोणत्या गावी आणि कोणासमोर सोडवायचे. हे गाव बहुतेक वेळा बंगळुरू, दिल्ली किंवा मुंबई असते. मानोऱ्याचा माणूस दोनशे रुपयांसाठी बंगळुरूला जाईल काय? जाणार नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

अटी एकतर्फी कशा बदलतात याचा अनुभव साऱ्या देशाने घेतला आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी जाहीर केल्या. २०१६ साली माहिती फेसबुकला द्यायची की नाही हे ठरविण्याची थोडी मुभा तरी वापरणाऱ्याला होती. २०२१ मध्ये ती उरली नाही. अटी स्वीकारा, एवढाच मार्ग. ज्या ॲपवर सारे नातेवाईक, बचत गट, शाळेचे निरोप आणि कामाच्या मुकादमाचा फोन, ते सोडायचे तरी कसे? पुढे भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच कारणावरून त्या कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलाच्या न्यायाधिकरणानेही तो दंड कायम ठेवला. सांगायचे हे की 'त्यांनी बटण दाबले होते' एवढ्या एका सबबीवर मोठ्यातली मोठी कंपनीही सुटली नाही.

अब्रू गहाण ठेवणारी ॲप

या साऱ्यात आमच्या मायभगिनींना आणि तरुणांना सर्वाधिक झळ लागते ती कर्जाच्या ॲपची. दवाखान्याचा खर्च, पोरीच्या कॉलेजची फी, सोयाबीन हाती येईपर्यंतचे दोन महिने, अशी गरज असते. बँक हेलपाटे घालायला लावते. मोबाईलवर जाहिरात येते : पाच मिनिटांत पाच हजार, कागद नको, जामीन नको.

जामीन नको, हे खोटे आहे. जामीन घेतलेला असतो. ॲप उघडताना 'काँटॅक्ट पाहू द्या, फोटो पाहू द्या' असे विचारले जाते आणि आपण 'अलाउ' दाबतो. त्या क्षणी फोनमधले सारे नंबर त्यांच्याकडे गेले. मामाजी, व्याही, साळा, शाळेतले सर, विहारातले कार्यकर्ते, सगळे. हप्ता एक दिवस चुकला की धमकीचे फोन सुरू होतात आणि यातल्या प्रत्येकाला 'हा माणूस चोर आहे' असा निरोप जातो. कुठे फोटोत फेरफार करून घाणेरडी चित्रे पाठविली जातात. देशात अनेक ठिकाणी अशा छळामुळे माणसांनी जीव दिला आहे. शेत गहाण ठेवणारा सावकार निदान शेतापुरता होता. इथे गहाण पडते ती अब्रू, आणि ती कर्जदाराच्या एकट्याची नसते, साऱ्या घराची असते.

हिशेबही पाहून घ्या. समजा, ५,००० रुपये कर्ज मंजूर झाले. 'प्रोसेसिंग' वगैरे नावाखाली १,५०० कापून हातात ३,५०० आले आणि सात दिवसांनी ५,००० भरायचे. म्हणजे ३,५०० रुपयांवर एका आठवड्याचे १,५०० रुपये. शेकडा सुमारे ४३ रुपये झाले, आणि तेही आठवड्याला! महिन्याला शेकडा पाच घेणाऱ्या सावकाराला आपण शिव्या देत होतो.

याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत आणि ते प्रत्येकाने पाठ करावेत असे आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेने मोबाईलवरील कर्जासंबंधी जे नियम केले आणि २०२५ मध्ये जे पुन्हा एकत्र करून जारी केले, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की कर्जाच्या ॲपने फोनमधील नंबरांची यादी, फोटो, फायली आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. ओळख पटविण्यापुरता कॅमेरा किंवा ठिकाण एकदा विचारता येते, तेही कर्जदाराच्या संमतीने. कर्जाची रक्कम सरळ कर्जदाराच्या बँक खात्यात आली पाहिजे. कर्ज घेतल्यावर मन बदलले तर किमान एक दिवसाची मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून, दंड न देता मोकळे होता येते. नियमाप्रमाणे आधीच सांगितलेले वाजवी प्रक्रिया शुल्क तेवढे कापले जाऊ शकते.

वसुलीबाबतही ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ च्या नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही. धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाईक आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही. हे नियम बँका आणि नोंदणीकृत वित्तसंस्थांना व त्यांच्या वतीने काम करणाऱ्या ॲपना लागू आहेत. म्हणून जे ॲप नंबरांची यादी मागते, ते एक तर नियम मोडणारे आहे किंवा मुळातच बेकायदा आहे. दोन्ही प्रकारांत त्यापासून दूर राहावे. तेवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी पुष्कळ घरे वाचतील.

कर्ज बुडवा असे आमचे म्हणणे नाही, हेही इथेच सांगतो. घेतलेले पैसे फेडलेच पाहिजेत. पण कर्ज घेतले म्हणजे माणूस विकला गेला असे होत नाही.

दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट

लिहून दिलेला कागद आणि त्यामागचा अन्याय हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले. पुढे हे लोण नगर जिल्ह्यातही पसरले. बहुतेक ठिकाणी त्यांचा रोख एकाच वस्तूवर होता : कर्जरोखे आणि हिशेबाचे कागद. ते हस्तगत करून जाळले गेले. कारण दिले किती, फेडले किती आणि कागद काय सांगतो, याचा मेळ बसत नव्हता, आणि इंग्रजी कोर्ट फक्त कागद पाहत होते.

या उठावानंतर सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. एक, कोर्टाने नुसता रोखा पाहू नये, मुळापासून व्यवहार तपासून प्रत्यक्ष दिले किती आणि घेतले किती हे पाहावे. दुसरी, शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा. तो कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांपुरता होता. आपला वऱ्हाड तेव्हा त्यात नव्हता. पण त्यातले तत्त्व सर्वांच्या कामाचे आहे. अंगठा आहे म्हणून अट न्याय्य ठरत नाही, हे तत्त्व तेव्हापासून आपल्याकडे रुजलेले आहे.

स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली एका सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या नोकरीच्या करारासंबंधी निकाल देताना हेच तत्त्व आणखी पुढे नेले. दोन पक्षांचे बळ सारखे नसेल, दुबळ्याला सही करण्यावाचून गत्यंतर नसेल आणि अटी अन्यायाच्या असतील, तर असा करार कोर्ट अमलात आणणार नाही, असे त्या निकालाचे सार आहे. छापील नमुन्यावर ठिपक्यांच्या रेघेवर सही करावी लागणाऱ्या माणसाचा उल्लेखही त्यात आहे. मोबाईलवरचे 'मान्य आहे' हे बटण म्हणजे ती ठिपक्यांची रेघच होय.

आजचा कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यातील चार तरतुदी आमच्या वाचकांनी जरूर लक्षात घ्याव्यात.

१) 'अन्यायकारक करार' अशी वेगळी व्याख्याच या कायद्यात आहे. करार मोडल्याबद्दल नुकसानीच्या मानाने भरमसाट दंड, मुदतीआधी कर्ज फेडू न देणे, कारण नसताना एकतर्फी करार संपविण्याचा हक्क, ग्राहकाची अवाजवी अडचण करणारी अट, असे प्रकार त्यात येतात. मात्र केवळ कराराची अटच रद्द करून मागायची असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे करावी लागते. नागपूरला त्याचे खंडपीठ बसते.

२) ग्राहकाने विश्वासाने दिलेली खाजगी माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे, ही अनुचित व्यापार प्रथा ठरविली आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापून दुकानदार सदोष माल परत घ्यायचे नाकारतो, तेही चालत नाही. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घेऊन पैसे दिले पाहिजेत.

३) तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पूर्वी कंपनीचे कार्यालय किंवा शाखा असेल तिथे, किंवा वादाचे कारण घडले असेल तिथे जावे लागे. आता रिसोडचा, कारंजाचा किंवा शेलूबाजारचा ग्राहक वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो, मग कंपनी कुठलीही असो. करारात बंगळुरू लिहिलेले पाहून घाबरून घरी बसू नये. 'वाद लवादाकडेच नेला पाहिजे' अशी अट असली तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एका बांधकाम कंपनीच्या प्रकरणात मान्य केले आहे.

४) फुकट सेवा या कायद्यात बसत नाही. ज्याचा मोबदला दिला किंवा देण्याचे कबूल केले, त्याचीच तक्रार चालते. म्हणून 'फ्री' ॲपविरुद्ध ग्राहक आयोगात जाणे अवघड आहे. कंपन्या फुकट का देतात, याचे उत्तर मात्र उघड आहे. पैशाऐवजी तुमची माहिती घेतली जाते.

या माहितीसाठी वेगळा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने केला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा हा कायदा आहे. त्यात आपल्या कामाची फार मोठी गोष्ट अशी की, संमती मागणारा मजकूर सोप्या भाषेत असला पाहिजे आणि तो इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय दिली पाहिजे. आठव्या अनुसूचीत मराठी आहे. म्हणजे 'इंग्रजीत हाय, कोन वाचते' ही अडचण कायद्याने ओळखली आहे. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे, असेही त्यात आहे. कामाला लागते तेवढीच माहिती मागावी, यासाठी कायद्यातच एक दाखला आहे : डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधील नंबरांची यादी मागितली आणि माणसाने 'हो' म्हटले, तरी ती संमती यादीपुरती धरली जाणार नाही, कारण औषधोपचाराला यादी लागत नाही. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने पाळण्यासाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. तेव्हा या हक्कांचे पूर्ण बळ मे २०२७ पासूनचे आहे. तोपर्यंत आपण तयार राहावे.

या सर्वांच्या मुळाशी आहे खाजगीपणाचा हक्क. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि माणसाच्या प्रतिष्ठेपासून तो वेगळा करता येत नाही. त्या निकालात घटना समितीच्या काळाचा आढावा आहे आणि त्यात बाबासाहेबांचे नाव येते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना विनाकारण झडतीपासून संरक्षण असावे, अशी तरतूद सुचविली होती. घटनेच्या अंतिम मसुद्यात ती आली नाही. ७० वर्षांनी न्यायालयाने हा हक्क घटनेतच आहे असे मानले. ज्या माणसांच्या घरात वाटेल त्याने वाटेल तेव्हा घुसावे असा शतकांचा रिवाज होता, त्यांना 'माझे कागद, माझे घर' या शब्दांचे मोल कोणी वेगळे सांगण्याची गरज नाही.

पोरांच्या दाखल्यांची जपणूक

आता आपल्या घरचा एक खास प्रश्न. दरवर्षी जून ते ऑक्टोबर आपली मुले शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका, सारे कागद घेऊन इंटरनेटच्या दुकानात जातात. दुकानदार म्हणतो, "भाऊ, व्हॉट्सॲपवर टाकून दे सारे." पोरगा टाकतो. काम झाल्यावर ते कागद दुकानदाराच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये तसेच राहतात. पुष्कळदा खाते उघडताना मोबाईल नंबर आणि पासवर्डही दुकानदाराचाच घातलेला असतो. पुढच्या वर्षी दुकान बंद झाले की पोराला स्वतःच्या शिष्यवृत्तीचे खाते उघडता येत नाही. लाडकी बहीण योजनेचे फॉर्म २०२४ मध्ये भरले गेले, तेव्हाही असेच आधारचे फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरले.

सगळे दुकानदार वाईट नसतात. बहुतेक मदतच करतात. तरी आपल्या घराची कुलपाची किल्ली आपल्याजवळच असावी. नंबर आपलाच द्यावा, पासवर्ड आपणच घालावा आणि वहीत लिहून ठेवावा. कागद व्हॉट्सॲपवर न टाकता समोर बसून स्कॅन करून घ्यावेत आणि निघताना फायली पुसायला लावाव्यात. दुकानदार म्हणेल, "तुह्यावाल्या कागदाचं मी काय करू?" त्याला हसून सांगावे, "काही करशील म्हणून नाही भाऊ, पन पुसून दे."

आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारे आधार डाऊनलोड करून देता येते. सिम कार्डासाठी आधारची सक्ती करता येत नाही. मतदार कार्डही चालते. आधारचा अंगठा कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे अंगठ्यावर परस्पर पैसे काढण्याला आळा बसतो. मात्र रेशन दुकानात अंगठा लागतो, तेव्हा त्या दिवशी कुलूप आधी उघडावे, नाही तर धान्यासाठी परत फिरावे लागेल.

घरी बसून करण्यासारखे

रविवारी तासभर काढून घरातील प्रत्येक फोन हाती घ्यावा. सेटिंगमध्ये ॲपची यादी असते आणि प्रत्येक ॲपसमोर 'परमिशन' लिहिलेले असते. टॉर्चच्या ॲपला नंबरांची यादी कशाला? खेळाच्या ॲपला माइक कशाला? ज्याला जे लागत नाही ते बंद करावे.

दुसरे, 'ऑटोपे' तपासावे. एक-दोन रुपयांत महिनाभर सिनेमे दाखविणारी जाहिरात असते आणि पुढच्या महिन्यापासून शेकडो रुपये कापले जातात. ॲप फोनमधून काढले म्हणजे ऑटोपे बंद झाले असे नाही, तसेच कर्जही मिटत नाही. ऑटोपे यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन वेगळे बंद करावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे. ती सूचना आली की वाचावी, पुसून टाकू नये. सदस्यत्व घेणे सोपे आणि सोडणे अवघड करून ठेवणे, याला नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी फसवी रीत ठरविले आहे. अशा १३ रीतींवर बंदी आहे.

तिसरे, कर्ज घेण्याची वेळ आलीच तर 'मुख्य तथ्य पत्रक' मागावे. एप्रिल २०२४ च्या आदेशानुसार बँक आणि वित्तसंस्थांनी ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत दिले पाहिजे. व्याज, शुल्क आणि सगळे मिळून वर्षाचा दर त्यात एका ठिकाणी असतो. बचत गटाच्या भगिनींनीही वित्तसंस्थेच्या माणसाकडे ते मागावे. "मराठीत पत्रक आना, मंग सही करतो" एवढे म्हणायला शिकावे.

फसवणूक झालीच तर

पैसे खात्यातून गेले असतील तर पहिल्या तासातच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. धमकीचे निरोप पुसू नयेत, त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. तोच पुरावा आहे. लाजेने गप्प बसू नये. नातेवाइकांना आपणच आधी सांगून टाकावे की असा निरोप आला तर विश्वास ठेवू नका. धमकी देणाऱ्याचे अर्धे बळ तिथेच संपते.

बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था असेल तर तिच्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

वस्तू किंवा सेवेची तक्रार असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते. त्याने भागले नाही तर वाशिमचा जिल्हा ग्राहक आयोग. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. वस्तूची किंवा सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. बिल, वॉरंटी कार्ड, पैसे दिल्याची नोंद आणि कंपनीला पाठविलेल्या पत्राची प्रत, एवढे कागद नीट लावून ठेवावेत.

वाचकांच्या मनात येणारी एक शंका राहते : "एवढे लांबलचक करार खरोखर कोणी वाचू शकतो काय?" प्रामाणिक उत्तर असे की, सगळे कोणीच वाचत नाही. वकीलही वाचत नाहीत. म्हणूनच कायदा हवा, आणि कायदा वापरणारी माणसेही हवीत. एकट्याने सारे वाचणे होत नाही, पण वस्तीने मिळून होते. विहारात महिन्यातून एका संध्याकाळी कॉलेजच्या मुलामुलींनी एकेका ॲपच्या अटी मराठीत मोठ्याने वाचून दाखवाव्यात, ज्येष्ठांनी ऐकाव्यात आणि 'हे कशाला मागतात?' असा प्रश्न विचारावा. कुणाचा फोन घेऊन परवानग्या बंद करून द्याव्यात, कुणाची तक्रार लिहून द्यावी.

आजोबाने अंगठा दिला तेव्हा त्याच्या बाजूला उभे राहून कागद वाचून दाखविणारे कोणी नव्हते. आज ती वेळ नाही. वाचणारे आपल्या घरातच आहेत. त्यांना वाचायला लावा, आणि ऐकल्यानंतरच अंगठा टेका.